शाळेची वेळ शेळ्या ठरवतील

ताई, नमस्कार.
मी २३ वर्षांची, साताऱ्याची. बी.एड.ची शेवटची परीक्षा नुकतीच दिली. मे आणि जून हे दोन महिने राजस्थानातल्या एका लहान संस्थेमार्फत जैसलमेर जिल्ह्यातल्या एका गावात मुलांना शिकवायला जायचं मनात आहे. गाव पोखरणच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत आहे. मला रेल्वेनं आणि पुढं बसनं जायचंय. बाबा म्हणतात, त्या उन्हात माणसं मरतात, जायचंच असेल तर विमानानं जोधपूरला जा आणि तिथून संस्थेची गाडी घे. जवळची मैत्रीण म्हणाली, "दोन महिन्यांत तू काय शिकवणार? हे नुसतं पर्यटन." तिचं बोलणं मनाला लागलंय. हिंदी मला बऱ्यापैकी येतं, मारवाडी अजिबात नाही. जाऊ का? आणि जायचं तर तयारी काय करू?
— अ., सातारा

प्रिय अ.,

जा. मात्र तिकीट काढण्याआधी त्या संस्थेला एक प्रश्न विचार: माझ्याबरोबर गावातलं कोण शिकवणार आहे? त्यांना त्या व्यक्तीचं नाव सांगता आलं, तिच्याशी फोनवर तुझं बोलणं करून देता आलं, तर निश्चिंत मनानं पिशवी भर. "तुम्ही या तर खरं, मग बघू" असं उत्तर आलं, तर या वर्षी ते गाव सोड आणि दुसरी संस्था शोध. हे मी इतकं ठासून सांगतेय त्यामागं राजस्थानचाच अनुभव आहे.

१९८७ साली तिथल्या सरकारनं स्वीडनच्या मदतीनं 'शिक्षाकर्मी' प्रकल्प सुरू केला. दुर्गम गावांतल्या शाळा तेव्हा कागदावर चालू होत्या. शिक्षक बाहेरगावचे, त्यांतले बरेच तिथं राहतच नसत. मग प्रकल्पानं त्याच गावातली थोडीफार शिकलेली माणसं निवडली. पुरुष आठवीपर्यंत शिकलेला असला तरी चालेल, बाई पाचवीपर्यंत शिकलेली असली तरी चालेल, पण राहणारी त्याच गावची हवी. त्यांना कसून प्रशिक्षण दिलं आणि ते पुढंही देत राहिले. जिथं पदवीधर टिकला नाही, तिथं आठवी पास माणसानं शाळा चालवून दाखवली. दिवसा शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या सवडीच्या वेळी 'प्रहर पाठशाळा' भरवल्या. त्याच राज्यात, अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाला, १९७५ पासून रात्रशाळा चालल्या, कारण तिथली मुलं दिवसभर जनावरांमागं असत.

तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं यावर पारखून बघ. तू एकटीच जाऊन शिकवलंस तर तिचं खरं ठरेल. मुलांना तुझा लळा लागेल, तुलाही त्यांचा लागेल, फोटो निघतील, जुलैत तू परत येशील आणि ऑगस्टमध्ये मुलं होती तिथंच असतील. पण गावातली एखादी बारावी झालेली सून, अंगणवाडी कार्यकर्ती किंवा पोखरणच्या कॉलेजात जाणारा एखादा मुलगा तुझ्याबरोबर रोज वर्गात उभा राहिला, तर तू निघून आल्यावरही काम चालू राहील. मनाशी एवढं पक्कं कर की तू तिथं मदतनीस म्हणून चालली आहेस. ती सून शिक्षिका, तू तिच्या हाताखालची. पदवी तुझ्याकडं असली तरी गाव तिला माहीत आहे. कोणाच्या घरात काय चाललंय, कोणती मुलगी कुणाच्या भीतीनं गप्प बसते, कोणत्या दोन घरांत बोलणं नाही, हे तुला दोन महिन्यांत कळणार नाही. तिला ते जन्मापासून किंवा लग्नापासून ठाऊक असतं.

आता तारखांचं. राजस्थानात साधारण मेच्या मध्यापासून जूनच्या उत्तरार्धापर्यंत सरकारी शाळांना सुट्टी असते. म्हणजे तुझा बराचसा काळ शाळेला कुलूप असताना जाईल. संस्थेनं तुला हे सांगितलं नसेल तर ते सांगायला हवं होतं. शाळेच्या खोलीची चावी कुणाकडं राहील, व्हरांडा वापरता येईल का, तिथं पाणी असेल का, हे आधीच विचारून ठेव. शक्य असेल तर मेच्या पहिल्याच आठवड्यात पोहोच. सुट्टी लागण्याआधी तिथल्या शिक्षकांना भेट, कोणती मुलं वाचनात मागं आहेत ते त्यांनाच विचार. बाहेरून आलेली मुलगी त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या मुलांना शिकवतेय, असं त्यांना वाटू देऊ नकोस. जुलैत ती मुलं पुन्हा त्यांच्याकडंच जाणार आहेत.

सुट्टीतलं शिकवणं हलकं समजू नकोस. तारखांचा धाक नाही, अभ्यासक्रम पुरा करायची घाई नाही, परीक्षा नाही. फक्त वेळ तुझ्या हातात नसेल. उन्हाळ्यात तिथली मुलं भल्या पहाटे शेळ्या-मेंढ्या घेऊन निघतात, ऊन चढलं की परततात, संध्याकाळी पुन्हा निघतात. पाणी भरायचं काम बहुतेक मुलींकडं. तू 'सकाळी सात ते दहा' असं ठरवून बसलीस, तर तुझ्यापुढं ज्यांच्या घरी जनावरं कमी आहेत अशी मुलंच येतील, आणि त्यांत मुलगे जास्त असतील. म्हणून पहिले चार-पाच दिवस वर्ग घेऊच नकोस. घरोघर फिर, मुलींना विचार, तुम्हाला कधी जमेल? शाळेची वेळ शेळ्या ठरवतील. दोन वेगळ्या वेळांना दोन गट करावे लागतील, कदाचित एक गट रात्री जेवणानंतर कंदील किंवा सोलर दिव्याच्या उजेडात बसेल. तिथं जूनमध्ये सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, आपल्यापेक्षा बराच उशिरा, त्यामुळं संध्याकाळ लांब असते. तिचा उपयोग कर.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणात नेली आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती कुरणात आहेत. मग शाळा कुरणात. बी.एड.च्या पुस्तकात तू हे दोन ओळींत वाचलं असशील. जाण्याआधी कोसबाडला, अंतर आणि वेळ जमलं तर, एक फेरी मारून ये. जमलं नाही तरी अनुताईंच्या कामाविषयी जे मिळेल ते वाच. थरच्या वाळवंटातही तुला तेच करायचं आहे.

आता प्रवास. याबाबतीत मी तुझ्या बाजूनं आहे, आणि त्याला कारण हौसेचं नाही. साताऱ्यातून निघून काही तासांत वाळवंटात उतरलेल्या शरीराला उन्हाची सवय नसते. कडक उन्हाला शरीर रुळायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयाचे ठोके आटोक्यात येतात. रेल्वेच्या एका रात्रीत हे होणार नाही, पण टप्प्याटप्प्यानं गेलीस तर जोधपूरला दोन दिवस थांबता येईल, आणि ते दोन दिवस तुझ्या शरीराला फार उपयोगी पडतील. बाबांना हे असंच समजावून सांग.

वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेस दुपारी निघते आणि सुरत, वडोदरा, अहमदाबाद, पालनपूर, अबू रोड, मारवाड जंक्शन करत दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूरला पोहोचते. पुण्याहूनही जोधपूरच्या भगत की कोठी स्थानकापर्यंत आठवड्यातून ठरावीक दिवशी गाडी आहे. तारीख जुळली तर तुला तीच सोयीची. वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढताना पुन्हा बघ. मेमध्ये या गाड्यांना लग्नाची आणि सुट्टीची गर्दी असते, आरक्षण आत्ताच कर. परतीचंही.

जोधपूरहून जैसलमेरची रेल्वे ओसियां, फलोदी, रामदेवरा, पोखरण अशी जाते. हा टप्पा झोपेत घालवू नकोस. खिडकीतून नुसती वाळू दिसेल असं वाटत असेल, तर तसं दिसणार नाही. जगातल्या वाळवंटांत थर हे फार दाट वस्तीचं वाळवंट आहे. शेतं दिसतील, आणि शेतांच्या मधोमध जपून राखलेली खेजडीची झाडं. खेजडी म्हणजे आपली शमी. विखुरलेल्या ढाण्या दिसतील, ढाणी म्हणजे आपल्याकडची वाडी-वस्ती. घरांजवळ जमिनीलगत सिमेंटचे गोल ओटे दिसतील. ते टांके. वर उताराचं आवार, मधे झाकण, खाली पावसाच्या पाण्याची टाकी. जैसलमेर भागात वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर, कधी त्याहून पुष्कळ कमी. ते पाणी किती सांभाळून वापरलं जातं ते खिडकीतून पाहून गेलीस, की गावात कुणी अर्धी बादली पाणी अंघोळीला दिलं तर तिची किंमत तुला सांगावी लागणार नाही. फलोदी स्थानकावर उतरू नकोस, पण नाव लक्षात ठेव: १९ मे २०१६ ला तिथं ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. बाबांची भीती खोटी नाही. पुढं रामदेवरा लागेल, लोकदैवत रामदेवजींचं समाधिस्थान. तिथं हिंदू आणि मुसलमान दोघेही डोकं टेकवतात. त्या भागातल्या माणसांत वावरताना हे लक्षात असलेलं बरं.

पोखरणला दिवसाउजेडी उतरशील अशी गाडी धर. तिथून पुढं आतल्या गावांना दिवसातून एखाददुसरी बस, नाहीतर जीप किंवा 'कॅम्पर' म्हणून ओळखली जाणारी मागं उघडी गाडी. भर दुपारी उघड्या गाडीच्या मागं बसून तासाभराचा रस्ता करू नकोस, कितीही घाई असली तरी. संस्थेच्या माणसाला स्टँडवर बोलाव, सावलीत थांब, उन्हं उतरली की निघ, आणि अंधार पडायच्या आत गावात पोहोच. गाडीत बायका असतील त्या बाजूला बस. त्या आपणहून तुझी चौकशी करतील: कुणाची लेक, लग्न झालं का, किती भाऊ. रागावू नकोस. त्या चौकशीतूनच तू पोहोचण्याआधी तुझी खबर गावात पोहोचते, आणि तेच तुझं संरक्षण असतं.

दोन गोष्टी खास त्या पट्ट्याच्या आहेत. पाकिस्तान सीमेकडच्या काही भागांत बाहेरच्या माणसाला जायला प्रशासनाची परवानगी लागते. तुझं गाव त्यात येतं का, हे संस्थेकडून लेखी घे आणि ओळखपत्राच्या चार प्रती जवळ ठेव. दुसरी, पोखरणजवळ सैन्याचं गोळीबाराचं मैदान आहे. माळावर पडलेला कुठलाही धातूचा तुकडा उचलू नकोस, मुलांना उचलू देऊ नकोस. भंगार म्हणून उचललेल्या तोफगोळ्यांनी त्या भागात माणसं गेली आहेत.

आता ऊन. पहिला आठवडा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात घराबाहेर पडायचंच नाही, हा नियम कर. गावातली माणसंही तेच करतात. तहान लागायची वाट न पाहता पाणी पीत राहा, आणि नुसतं पाणी पुरत नाही, त्यात मीठ-साखर हवी. ओआरएसची पाकिटं भरपूर ने. संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चमच्यानं मोजून. मीठ जास्त पडू देऊ नकोस. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, असं काही झालं की सावलीत आडवं व्हायचं, कपडे सैल करायचे, ओला कपडा अंगावर घ्यायचा. पण कुणी बरळू लागलं, ओळखेना, अंग तापून भाजायला लागलं, तर तो उष्माघात. तिथं घरगुती उपाय करत बसायचं नाही. पाणी ओतून, पंख्यानं वारं घालत अंग थंड करायला लागायचं आणि त्याच वेळी १०८ ला फोन करायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. हे तुझ्याइतकंच तुझ्या मुलांसाठीही शिकून जा, कारण शेळ्यांमागं तीच फिरतात.

अन्नाची काळजी नको. छाछ मिळेल, आणि राबडी मिळेल. राबडी म्हटल्यावर दुधाची गोड डोळ्यांपुढं आणू नकोस. ही बाजरीचं पीठ ताकात शिजवून केलेली, आपल्या आंबिलीची सख्खी बहीण. उन्हाळ्यात तिच्यासारखं काही नाही. केर-सांगरीची भाजी खाशील, आणि तू तिथं असशील तेव्हाच खेजडीला सांगरीच्या शेंगा आणि 'जाळ' नावाच्या झाडांना पीलूची फळं लागलेली असतील. मुलं ती तोडायला जातील, त्यांच्याबरोबर जा. काही गावांचं भूजल खारट आणि जास्त फ्लोराइडचं असतं, त्यामुळं प्यायचं पाणी टांक्याचं, नळाचं की बोअरचं, हे विचारून घे.

रात्री अंगणात खाटेवर झोपायला मिळेल आणि ते आकाश तुला फार आवडेल. पण मच्छरदाणी गादीखाली खोचल्याशिवाय झोपू नकोस आणि बॅटरीशिवाय खाटेवरून पाय खाली टाकू नकोस. त्या भागात फुरसं आहे आणि मण्यारही आहे. गावकरी तुला 'पीवणा' नावाच्या सापाविषयी सांगतील, जो झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन जातो. ती मण्यारच. तिचा दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, म्हणून लोकांना श्वास प्यायल्यासारखं वाटतं. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं, असं दिसलं की झाडफूक करणाऱ्याकडं न थांबता प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. जवळचा असा दवाखाना कोणता आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेव. मे-जूनमध्ये धुळीची आंधीही येते. क्षितिजावर पिवळी-काळी भिंत दिसली की मुलांना पक्क्या खोलीत घे, पत्र्याच्या छपरापासून दूर, आणि नाकातोंडावर ओलं फडकं बांध.

कपड्यांविषयी तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे सलवार-कमीज आणि मोठी ओढणी. डोक्यावर ओढणी घेतलीस तर मोठ्यांचा मानही राखला जातो आणि ऊनही लागत नाही. घुंघट घ्यायचं कारण नाही, तू त्या गावची सून नाहीस. राहायची सोय बायका असलेल्या घरात हवी, आतून कडी लागणारी खोली हवी, आणि शौचालय आहे की नाही हे स्पष्ट विचारायचं. पाळीच्या दिवसांसाठी धुऊन वापरता येणारे कापडी पॅड ने, कारण तिथं कचरा टाकायला जागा नसते. मुली त्याविषयी तुला विचारतील, तू गेल्याचा सगळ्यात मोठा फायदा कदाचित त्याच गप्पांत असेल. संस्थेनं तुझ्याकडं पैसे मागितले, आधी जाऊन आलेल्यांचे फोन नंबर द्यायला टाळाटाळ केली, किंवा तुझी पोलीस पडताळणी न करताच मुलांत पाठवायची तयारी दाखवली, तर सरळ नाही म्हण. पडताळणी मागणारी संस्था मुलांची काळजी घेणारी असते.

शिकवायचं काय? दोन महिन्यांत एकच गोष्ट धर: वाचन. पाचवी-सहावीतल्या ज्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, ती तुझी मुलं. मुंबईच्या वस्त्यांतून नव्वदच्या दशकात उभ्या राहिलेल्या 'प्रथम' संस्थेनं यासाठी सोपी रीत घालून दिली आहे. प्रत्येक मुलाला एकट्यानं जवळ बसवून बघायचं: त्याला अक्षर ओळखता येतं, शब्द वाचता येतो, छोटा परिच्छेद की पूर्ण गोष्ट? मग इयत्ता विसरून त्याप्रमाणं गट करायचे. सातवीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी एका गटात बसू शकतात, फक्त मोठ्या मुलाला त्याची लाज वाटणार नाही अशी जागा तुला करावी लागेल. त्याच्याकडून धाकट्यांच्या शेळ्यांचा हिशेब करून घे, तो खुलेल. रोज गोष्ट मोठ्यानं वाचायची, मुलांनी सांगितलेलं वाक्य फळ्यावर लिहायचं, तेच त्यांनी वाचायचं. दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायचं, आणि ती तपासणी गावातल्या शिक्षिकेनं करायची, तू शेजारी बसायचं.

मुलं घरी मारवाडी बोलतात, पुस्तकं हिंदीत. लहानग्यांना तुझं हिंदीही परकंच वाटेल. फळ्यावरचं पहिलं वाक्य त्यांच्या बोलीतलं असू दे, देवनागरीत लिहिता येतं. मारवाडीत आपल्यासारखे ळ आणि ण आहेत, त्यामुळं तुझ्या कानाला ती हिंदी बोलणाऱ्यांपेक्षा लवकर कळेल. मुलांना तिथं 'टाबर' म्हणतात. पंधरा-वीस शब्द तिकडं जाण्याआधीच शिकून घे, बाकीचे मुलं हसत हसत शिकवतील.

मोठ्या मुलांसाठी गणित टांक्यातून काढ. तीन मीटर रुंद आणि तीन मीटर खोल गोल टांक्यात साधारण २१ हजार लिटर पाणी मावतं. शंभर चौरस मीटर आवारावर दोनशे मिलिमीटर पाऊस पडला तर जास्तीत जास्त २० हजार लिटर. घरात माणसं आठ, शेळ्या वीस, तर हे पाणी किती दिवस पुरेल? माप त्यांना घेऊ दे, शेळी रोज किती पिते ते त्यांच्या आजीला विचारू दे. ज्या मुलाला 'घनफळ' हा शब्द परका आहे, त्याला टांकं कधी कोरडं पडलं होतं ते पक्कं आठवत असतं. पुस्तकं मात्र इथून ने, हिंदीतली, चित्रांची, कमी मजकुराची: एकलव्य आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची स्वस्त मिळतात. खाऊ आणि भेटवस्तू नेऊ नकोस. त्यांनी तुझी वाट बघावी ती गोष्टींसाठी.

एक अवघड गोष्ट. आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेला आणि तिच्या आसपास तिथं लग्नं फार होतात, आणि २००६ च्या कायद्यानं बंदी असूनही त्यांत लहान मुलींची लग्नं असतात. तुझ्यासमोर बसलेली मुलगी सांगेल की तिचं लग्न ठरलंय, किंवा कधीच झालंय. त्या क्षणी तिच्या बापाशी भांडायला जाऊ नकोस. त्याची झळ तिलाच बसेल. संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीशी आणि बरोबरच्या शिक्षिकेशी बोल, १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तिथं कळव. कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. त्या मुलीचं शिक्षण पुढं चालू राहावं यासाठी जे करता येईल ते कर, मग तिचं लग्न झालेलं असो वा नसो.

जूनच्या अखेरीला पावसाचे ढग आले की मुलं वर्ग सोडून बाजरीच्या पेरणीला जातील. थांबवू नकोस. तोवर तुझी जायची वेळ आलेली असेल, आणि शेवटचा आठवडा तू शिकवायचंच नाहीस. त्या सुनेनं किंवा त्या मुलानं वर्ग घ्यायचा, तू मागं बसून बघायचं आणि संध्याकाळी तिच्याशी बोलायचं. गटांची वही, तपासणीचे कागद, पुस्तकांची पेटी तिच्या हवाली कर. शाळा उघडताना तिनं तो कागद मुख्याध्यापकांना द्यावा, आणि शक्य असेल तर तू असतानाच दोघांची भेट घडवून आण. इथं आल्यावर महिन्यातून एकदा तिला फोन करत जा. मुलांनी तू पुन्हा कधी येशील असं विचारल्यावर, खात्री नसेल तर 'पुढच्या वर्षी' म्हणू नकोस. तिच्याकडं बोट दाखव आणि सांग, उद्यापासून या आहेत.

तुझी,
ताई